सतरा नंबरची काच

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांच्यापेक्षा ती जास्त. तुझ्या पेट्यांमधल्या मधमाश्या यंदा टिकल्या ना?

तीन वर्षांनी पत्र, म्हणजे काहीतरी मागणार, असं वाटलं असेल. मागणारच आहे, पण शेवटी.

आधी कामातलं नवल. माझं काम तुला ठाऊक आहे: यकृताचा तुकडा मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर लावायचे. तू म्हणायचास, "दीडशहाणे, तूही मेणातच हात घालतेस, फक्त तुझ्या मेणातून गोड काही निघत नाही."

गेल्या महिन्यात उंदरांची यकृतं आली. काहींना नुसतं पाणी, काहींना विष, काहींना आधी रोज मध आणि मग तेच विष. काचांवर फक्त आकडे. कुठली काच कुठल्या गटातली, हे आम्हाला मुद्दाम सांगत नाहीत. पण विष लपत नाही. पेशी फुगतात, फाटतात, वितळलेल्या पोळ्यासारख्या दिसतात. मी चांगल्या आणि बिघडलेल्या अशा काचा वेगळ्या केल्या. प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी गटांची यादी उघडली.

"सतरा नंबर चांगल्यात कशी?"

"चांगलीच आहे ती."

"अहो, विष दिलंय तिला!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा काचांची अदलाबदल केली, असंच वाटलं. तसं लिहूनही दिलं. मग आठवडाभर सगळे मेणाचे ठोकळे पुन्हा कापले, टेबलावर एका वेळी एकच. सतरा तशीच, आणि ती आधी मध दिलेल्या गटातली.

दादा, मधोमध एक शीर, तिच्याभोवती पेशींच्या रांगा, त्यांची जवळपास षटकोनी घरं. कडेच्या काही पेशी सुजलेल्या. विष तिथवर येऊन गेलं होतं आणि घरं उभी होती. मी उठले, बसले, पुन्हा पाहिलं. मॅडम म्हणाल्या, विषाने पेशीत ठिणग्या उडतात असं समजा. मधातली अँटिऑक्सिडंट त्या विझवत असावीत. काळ्या मधात ती जास्त. म्हणजे फुलातून तुझ्या माशीने उचललेलं काहीतरी! इतकी वर्षं मी झालेली नासाडी बघत आले. न झालेली नासाडी पहिल्यांदाच पाहिली.

हे उंदीर आहेत, आणि मध विषाच्या आधीपासून चालू होता. बाबा वाचले असते असं मी म्हणत नाही. तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढल्यावर त्यांच्या यकृतात वाचवायला फार उरलं नव्हतं. कुणाला औषध सोडायलाही मी सांगणार नाही.

पण हा मध कुठला, ते सांगायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं. मॅडमना न तापवलेला, काळा मध थेट मधपाळाकडून हवा होता. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. तुझीच बरणी, दादा. बाबांचं यकृत सुधारेल म्हणून तू दवाखान्यात आणलेली, जिच्यावरून मी सगळ्यांसमोर तुला अडाणी म्हटलं.

तू तडक निघून गेलास. नंतरचं तुला माहीत नाही. बाबा म्हणाले, "थोरल्याचा मध दे गं चमचाभर. तोंड कडू झालंय."

डॉक्टरांनी मनाई केली नव्हती. मी त्यांना विचारलंही नव्हतं. "त्याने परत नेला," मी म्हटलं. बरणी माझ्या पिशवीत होती, झाकणाचं सील तसंच. तुझं म्हणणं खरं ठरू नये, एवढंच डोक्यात होतं. ते औषध मागत नव्हते रे. चव मागत होते. तू दिलेलं परत नेलंस, असं समजून ते गेले.

ते सील मी उंदरांसाठी फोडलं.

तळाशी दोनेक चमचे उरलेत. मी चाखलेला नाही. माझं मागणं एवढंच: ये. एक चमचा तू घे. दुसऱ्याचं काय करायचं ते तू सांग, मी ऐकेन.

तुझी,
दीडशहाणी