तळावरचं साल

आइक्सफेल्ड, १४ ऑक्टोबर

प्रिय मेख्टिल्डताईस,

धाकट्या बर्नवर्डचा नमस्कार, वि. वि. इकडे सारे खुशाल. आईचा गुडघा दुखतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. परवाच्या कोबीत मीठ कमी, म्हणून मला ऐकवून झालं.

चर्चसमोरच्या शिळेवर युद्धात गेलेल्यांची नावं पुन्हा कोरायची आहेत. अलॉइस आजोबांपुढे १९४२ तेच ठेवू ना, असं पाथरवटाने विचारलं. मी हो म्हणणारच होतो. पण मृतांच्या सणासाठी आजोबांची ती काडतुसाची रिकामी पुंगळी राखेने घासायला काढली, आणि तळावरची अक्षरं भिंगातून पाहिली.

युद्धानंतर त्यांचा पलटणीतला सोबती ती शेजाऱ्यांकडे ठेवून गेला. अलॉइसच्या खिशातली आहे, एवढंच म्हणाला. आजी नॉर्डहाउझेनच्या बॉम्बहल्ल्यात गेली होती, घरातली पत्रंही जळाली होती. आईला वाढवणाऱ्या कुनिगुंडआत्याने तर भावाशी, म्हणजे आजोबांशी, त्यांच्या लग्नापासून अबोला धरलेला. तिला तळावर ४२ दिसलं. तेच मरणाचं साल धरून तिने शिळेवर कोरून घेतलं. शेजारचा ४४ हा तुकडीचा नंबर, असं ती सांगे.

काडतुसं जमवणाऱ्या योआखिमने मला ती वाचायला शिकवली. कारखान्याची अक्षरं वर धरायची. उजवीकडे धातूची खूण, आपली पोलादी. खाली मालाच्या गटाचा आकडा, डावीकडे बनवल्याचं साल. ताई, आपल्या पुंगळीवर ४२ खाली आहे. डावीकडे ४४ आहे!

नाशपातीच्या झाडाखाली कुणाच्या तरी खांद्यावर बसल्याचं आईला आठवतं ना? दूधवाला असेल गं, तुझा बाप तेव्हा मातीत होता, असं आत्या हसून म्हणायची.  आईला सांगू का? 

लोभ आहेच, तो तुझ्या प्रार्थनेतही असू दे.

तुझा,
बर्नवर्ड

मठातून, २१ ऑक्टोबर

चि. बर्नवर्ड यास,

अनेक आशीर्वाद. उबेची भट्टी पेटली, पण आमच्या मदर काटकसरी. आम्ही थंडीतच पुण्य कमावतो.

पत्र वाचून मी प्रार्थनाघरात जाऊन बसले. पण जपून रे. पुंगळी चव्वेचाळीसची, म्हणजे आजोबा तोवर जिवंत होते. ते घरी आले होते, असं ती सांगत नाही. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. धातू बोलतो तेवढंच तिला सांग, त्यात तुझी आशा मिसळू नकोस. आणि कोबीत मीठ घाल.

तुझी प्रकृती सांभाळ, माया आहेच.

ताई

आइक्सफेल्ड, ३ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार, वि. वि. तुझं ऐकलं. काल मृतांच्या सणाची मेणबत्ती लावल्यावर आईला भिंग दिलं आणि फक्त खुणा दाखवल्या. ती खूप वेळ पाहत राहिली. मग म्हणाली की तो माणूस दूधवाला नव्हता, दूधवाल्याला दुधाचा वास यायचा. याला धुराचा येत होता. आणि मी वर बसले की तो खाली कसलीशी एकसुरी शीळ घालायचा, ती माझ्या मांड्यांत घुमायची. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

लहानपणी तिने पुंगळी ओठांना लावली, तेव्हा पवित्र वस्तू उष्टी करते म्हणून आत्याने थोबाडीत दिली होती. त्यानंतर दर वर्षी ती नुसती घासायची.

काल तिने पुंगळी खालच्या ओठाला टेकवली आणि वरून हळूच फुंकली. एकच सूर निघाला, जाड, सरळ. मेणबत्तीची ज्योत हलली. आईने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि डोळे मिटून म्हणाली, हाच.

मी गुडघे टेकले, ताई. दुसरं काय करणार?

आज सकाळी तिनेच पाथरवटाला निरोप धाडला, की नाव कोर, साल कोरू नकोस. ते कधी गेले हे आम्हाला ठाऊक नाही, आले होते हे ठाऊक आहे.

आई तुला आशीर्वाद सांगते. नाताळात आलीस की तिच्याकडून तो सूर ऐक.

तुझा,
बर्नवर्ड