अदलाबदलीचा हिवाळा

गाब्रोवो, १ मार्च

आदरणीय गेंचोदादास,

धाकटा मावसभाऊ राचो याची दोन्ही हातांनी घट्ट मिठी. (एका हातात बरणी होती, ती खाली ठेवून मारली आहे, तेव्हा पूर्ण धरावी.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? रूसेच्या नदीवरचा वारा थेट गुडघ्यात शिरतो असं तू कळवलं होतंस. त्यावर तुझ्या मावशीचा, म्हणजे माझ्या आईचा, निरोप असा की कोबीचं पान गरम करून बांध, आणि बांधून झालं की ते पान फेकू नकोस, शेजारच्या कोंबड्यांना घाल, म्हणजे अंडं मागताना तोंड राहील. सोबत मार्चच्या पहिल्या दिवसाची लाल-पांढऱ्या दोऱ्यांची मार्तेनित्सा पाठवली आहे, मनगटाला बांध. पांढरा दोरा नवा आहे. लाल दोरा कशातून काढला ते विचारू नकोस, फक्त एवढंच सांगतो की यंदा माझे पाय जरा गार पडतात.

नाताळला पत्र नाही म्हणून तू रागावला असशील. रागाव, तुझा हक्क आहे. पण आधी ऐक. सप्टेंबरात दारिनाच्या स्वेटरच्या कारखान्यात आठवड्याचे तीनच दिवस काम उरलं आणि पगारही तेवढाच. माझं घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर बघण्याचं काम चालू आहे, पण त्या पगाराचं काय सांगायचं, तो मीटरसारखा फिरतो आणि पाण्यासारखा जातो. इकडे बिल्याना वार्नाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या खोलीचं भाडं चुकलं तर पोरीला शिक्षण सोडून घरी यावं लागणार. आम्ही दोघांनी ठरवलं, पोरीला यातलं काही कळू द्यायचं नाही आणि घरखर्च निम्म्यावर आणायचा. तुला ठाऊकच आहे, बाहेरगावचे लोक आपल्या गावावर चिकटपणाचे विनोद रचतात, आणि ते फुकट मिळतात म्हणून आपण ऐकूनही घेतो. पण दादा, या अख्ख्या गाब्रोवोत पैसा वाचवता न येणारं एकच घर निघालं, आणि ते आमचं.

पहिला महिना कारभार माझ्याकडे होता. मी पाणी तापवायचा बंब दिवसातून एकच तास चालू ठेवायचं फर्मान काढलं. फर्मान उत्तम होतं, पण मी ते दारिनाला सांगायला विसरलो, आणि ती डोक्याला साबण लावून उभी असताना बंब बंद केला. पुढचे दोन दिवस घरात बोलण्याचीही काटकसर झाली. मग बाजारात कांदा अर्ध्या किमतीला मिळाला म्हणून मी तीस किलो आणला. तो गॅलरीत ठेवला, त्याला कोंब फुटले, आणि शेवटी आम्ही कांदा खाण्यापेक्षा कांद्याची राखणच जास्त केली. दुसरा महिना दारिनाकडे. तिने घरातली कॉफी बंद केली आणि भाजलेल्या जवाचं काळं पाणी सुरू केलं. मी तक्रार केली नाही. (करून बघितली होती, एकदा.) आठव्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी बसथांब्याजवळच्या कॉफीच्या मशीनकडे गुपचूप वळलो, तर मशीनमागून दारिना आली, हातात वाफाळता पेला.

"तू इथे काय करतोयस?" ती म्हणाली.

"मीटर बघायला आलो."

"कॉफीच्या मशीनला पाण्याचा मीटर असतो होय?"

तिने आपल्या पेल्यातला एक घोट मला दिला आणि आम्ही दोघं तिथेच थांब्यावर बसून पोट धरून हसलो. हसून झाल्यावर ती रडली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्या संध्याकाळी आईने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि हात पुढे केला. "पाकीट," ती म्हणाली. मी दिलं. "तुझंही," दारिनाकडे बघून म्हणाली. दोन्ही पाकिटं तिने आपल्या उशीच्या अभ्र्यात घातली आणि जाहीर केलं, की पैसा एकदा घराबाहेर पडला की परत येत नाही, वस्तू मात्र येते, तेव्हा यापुढे बाहेर वस्तूच जातील. आमच्या तळघरात ऑगस्टमध्ये भाजून घोटलेल्या लाल मिरच्यांची ल्युतेनित्सा, लोणची, चेरीचा पाक, अशा एकशे चाळीस बरण्या होत्या. आजवर मी त्यांना खाऊ समजत होतो. आई त्यांना खजिना समजत होती.

सुरुवात माझ्या डोक्यापासून झाली. तिसऱ्या मजल्यावर एक वयस्कर न्हावी राहतात, त्यांनी आयुष्यभर फौजेत केस कापले. दोन बरण्यांत त्यांनी माझे केस फौजेसारखेच कापले, म्हणजे कापले म्हणण्यापेक्षा पुसले. वर म्हणाले, एवढ्यात चार महिने बघायला नको. मग अंडी आली, अक्रोड आले, माझ्या बुटांना नवे तळ लागले. आणि एक दिवस माझा हिवाळी कोट खुंटीवर दिसेना. आईला विचारलं तर म्हणाली, "कामाला लागलाय."

चार दिवसांनी आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर मीटर बघायला गेलो. तिथे ख्रिस्तोस्कोव्ह मास्तर राहतात, भूगोल शिकवायचे, तीन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून एकटे. दार उघडलं ते माझ्या कोटाने. आत मास्तर होते.

"मास्तर, हा कोट..."

"तुझ्या आईकडून घेतला. म्हणाली, मुलाला होत नाही आता."

"मला होतो की!"

मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बटणं लागायची का रे?"

(लागायची नाहीत. पण ही गोष्ट घरातली होती.) मी पुढे काही बोलणार तेवढ्यात मला त्यांच्या खुंटीवर लटकलेला पातळ रेनकोट दिसला. डिसेंबरचा पंधरवडा माणसाने त्यात काढला होता आणि मी दर महिन्याला याच दारात उभा राहून आकडे लिहून घेऊन जात होतो. मग मी कोटाचा विषय सोडला. मास्तरांनी मला घरी गाळलेल्या कडक राकियाचा एक घोट पाजला आणि अंटार्क्टिकात किती थंडी असते ते सांगितलं. कोटाच्या बदल्यात काय दिलं, असं मी विचारलं. "तिचं शिलाई मशीन," म्हणाले. "तीन वर्षं चादरीखाली झाकून ठेवलं होतं. चालू राहील तर बरं."

दादा, ते मशीन आमच्या घरात आलं आणि घराचा नूर पालटला. आठवड्याच्या रिकाम्या दिवसांत भिंतीकडे बघत बसणारी दारिना आता कॉलर उलटवते, चेन बदलते, आजोबांची विजार नातवाला बेतते. बायका येतात, कुणी मध देतं, कुणी चक्क पैसेही देतं, ते आई नाइलाज म्हणून घेते. दारिनाने मला जुन्या ब्लँकेटचा कोट शिवला आहे. त्यात मी चालता पलंग दिसतो, पण बटणं लागतात.

यानंतर आईने काढलेली युक्ती म्हणजे हीटरची पाळी. चार घरांनी रोज संध्याकाळी चार खोल्या तापवण्यापेक्षा एकच खोली तापवायची आणि सगळ्यांनी तिथे बसायचं. आमची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. येणाऱ्याने आपली खुर्ची आणायची आणि चहाची साखर खिशातून आणायची. न्हावीबुवा तर चहाची पिशवीही स्वतःची आणतात आणि जाताना वाळवायला परत नेतात. अकरा वर्षं आम्ही या इमारतीत राहतो, पण कोण घोरतं आणि कोणाला पत्ते लावता येतात हे यंदा कळलं.

आता मुख्य गोष्ट. नाताळला बिल्याना आली नाही, रुग्णालयात ड्यूटी आहे म्हणाली. जानेवारीअखेर परीक्षा संपल्यावर मात्र न कळवता येऊन दारात उभी राहिली. वार नेमका शुक्रवार. तिने काय पाहिलं ते तिच्या डोळ्यांनी बघ: खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, त्यांवर काळ्या कपड्यांतले म्हातारे शेजारी गपचूप बसलेले (मास्तर ग्रीनलंडपर्यंत पोचले होते, त्यामुळे सगळे गपच होते), मधोमध ब्लँकेट पांघरलेला बाप, आणि बापाच्या डोक्यावर केस जेमतेम फुटलेले. नर्सिंग शिकणारी पोरगी, तिने काय समजायचं ते समजलं. पिशवी हातातून पडली. "बाबा," ती म्हणाली, "किती महिने झाले? मला का नाही सांगितलंत?" आणि भोकाड पसरलं.

"अगं, मी ठणठणीत आहे!"

"सगळे पेशंट असंच म्हणतात!"

न्हावीबुवांना उठून शपथेवर सांगावं लागलं की हे काम त्यांच्या यंत्राचं आहे, कुठल्या औषधाचं नाही. मग सगळं बाहेर आलं. कारखाना, भाडं, बरण्या, कोट. आणि आमचं सांगून झाल्यावर तिचं बाहेर आलं. तिला ऑक्टोबरातच मैत्रिणीकडून कारखान्याचं कळलं होतं. आम्हाला त्रास नको म्हणून तिने बरी खोली सोडून एका तळघरात स्वस्त खोली घेतली होती. नाताळला ड्यूटी नव्हतीच, गाडीभाडं वाचवलं. वाचवलेले पैसे तिने पाकिटात घालून आणले होते, आम्हाला द्यायला. आणि बोलताना ती सारखी खोकत होती. भिंतीला ओल आहे, म्हणाली, पण तेवढं चालतं.

मी जन्मात आईला एवढी संतापलेली पाहिली नव्हती. "चालतं?" ती म्हणाली. "तुझ्या खोलीसाठी मी पोटच्या पोराचा कोट दिला, आणि तू ओलीत झोपतेस? यासाठी मी मिरच्या भाजल्या?" पोरीला तिने छातीशी धरलं, पाठीवर एक धपाटाही घातला, आणि तिच्या डोक्यावरूनच विचारलं, "मास्तर, वार्नात तुमचं कोण आहे?"

मास्तर खुर्चीत हलले. "बहीण आहे. स्तेफाना. एकटीच असते, मोठं घर आहे. पण सहा वर्षं आमचं बोलणं नाही."

"भांडण कशावरून?"

"आता नीटसं आठवत नाही."

"मग काय अडचण आहे? फोन इथून करा. पैसे पडणार नाहीत."

दादा, अभिमान मोठा की फुकटचा फोन मोठा, या प्रश्नाला आपल्या गावात उत्तर एकच. तरी मास्तरांनी नंबर दोनदा चुकीचा फिरवला. पलीकडे कुणी उचललं. मास्तर नुसते "मी बोलतोय," म्हणाले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि आम्हाला हळूच सांगितलं, "विचारतेय, फोन कुणाच्या खर्चाने केलास."

फेब्रुवारीपासून बिल्याना स्तेफानाबाईंकडे राहते. खोलीला दोन खिडक्या आहेत आणि सकाळचं ऊन येतं. भाडं नाही. त्याबदली ती बाईंचा रक्तदाब बघते, वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि रविवारी मास्तरांशी फोन जोडून देते. खोकला गेला. परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. भाड्यासाठी आम्ही जे साठवलं होतं ते आता तिच्या पुढच्या वर्षासाठी राहिलं आहे, उशीच्या अभ्र्यात, आणि आई म्हणते मान जरा उंच राहते, पण झोप छान लागते. कारखान्याचं अजून तळ्यात-मळ्यात आहे. पण परवा दारिना मशीनवर बसून गुणगुणत होती, तेव्हा वाटलं, निघेल हेही वर्ष.

आणखी काय लिहू? वहिनींच्या फोटोपुढे आमच्यातर्फे एक मेणबत्ती लाव.

तुझा, केस दोन बोटं वाढलेला,
राचो

ता. क. — हे पत्र टपालाने येणार नाही. मास्तरांच्या बायकोचा भाचा मालमोटार घेऊन रूसेला येतो, त्याच्या हाती दिलं आहे. मोबदला म्हणून तुझ्याकडचं जेवण ठरलं आहे, आणि आधी जेवण, मग पत्र, असं त्याने कबूल करून घेतलं. म्हणजे तू हे वाचतो आहेस त्याअर्थी तो जेवला आहे. आभारी आहे.

दुसरा ता. क. — दादा, आता जे मला खरं लिहायचं होतं ते. सबंध हिवाळ्यात आईने सगळ्यांसाठी सौदे केले, स्वतःसाठी एकही नाही. तिचे वरचे दात गेल्याला दोन वर्षं झाली. ती हसताना तोंडावर हात धरते, अक्रोड आम्हाला फोडून देते आणि स्वतः पाव चहात बुडवून खाते. आमच्या गल्लीच्या टोकाला दाताच्या डॉक्टर आहेत, त्सोन्काबाई. त्यांच्या दवाखान्याची वीज दर दोन तासांनी जाते, रुग्ण तोंड उघडं ठेवून अंधारात बसतात. मी आयुष्यातला पहिला सौदा केला: आईची कवळी, आणि बदल्यात सगळ्या दवाखान्याची नवी तारजोडणी. मला बल्बसुद्धा धड लावता येत नाही आणि घराण्यात वायरमन तू एकटाच, हे तुला माहीत आहे. तेव्हा मी तुला दिलं आहे. तीन दिवसांसाठी. पुढच्या गुरुवारी अवजारं घेऊन ये. झोपायला पलंग आहे, खुर्ची मात्र तुझी आण.

तिसरा ता. क. — एक बरा सदराही आण. त्सोन्काबाईंना मी तुझं वय एकोणपन्नास सांगितलं आहे. त्याही एकट्याच असतात, आणि मी उगाच काही सुचवत नाही.

चौथा ता. क. — आईला यातलं काही बोलू नकोस, मावशीची आठवण आली म्हणून आलो एवढंच सांग. तिला कळलं तर ती म्हणेल, "अख्खा गेंचो तीन दिवस, आणि त्याच्या बदल्यात नुसते वरचेच दात? राचो, फसलास रे."