जागल्याच्या हातची कातर

उत्रोली,
१० नोव्हेंबर २०२४

चि. अमृत यास ताईचे अ. उ. आ. वि. वि.

अरे बाबा, तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद-पेन काढलं. तू होस्टेलवर होतास तेव्हा लिहायचे, त्यानंतर हे पहिलंच पत्र. अक्षर बिघडलंय, हसू नकोस. तुझ्या अक्षरापेक्षा बरंच आहे.

इकडं सगळं ठीक. भात काढून झालं, झोडणी चाललीय. तुझे दाजी कंबर धरून बसलेत आणि मेहुणा डॉक्टर असून उपयोग काय, असं रोज एकदा ऐकवतात. आबा वस्तीवर मेंढरांपाशी आहेत. यंदा कोकरं चांगली झालीत.

भाऊबीजेला आलास ते अर्ध्या दिवसापुरता. ओवाळताना तुझे डोळे मिटत होते आणि जेवताना हातात घास धरून तू बसल्या जागी झोपलास. आम्ही हसलो. नंतर भांडी घासताना मला हसू येईना. आबांनी जाताना एवढंच विचारलं, की पोरगं किती दिवसांचं जागलंय. मला सांगता आलं नाही.

खरं काय ते लिही. लोभ आहेच, पण फोन न उचलणाऱ्यावर तो फार दिवस टिकत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी ताई,
साधना


आरोग्य केंद्राचं क्वार्टर, ता. वेल्हे,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी बरा आहे.

फोनचं असं, की तो वाजला की मी चपला शोधायला लागतो. कुणाचा आहे ते बघायच्या आधीच. ड्युटीचा उचलावाच लागतो, बाकीचे राहून जातात. तू पत्रच लिहीत जा. कागद वाजत नाही.

दुसऱ्या डॉक्टरची जागा मार्चपासून रिकामी आहे. ओपीडी, बाळंतपणं, विंचू, साप, सगळं माझ्याकडं. शनिवार-रविवारी गडाच्या पायथ्याच्या पालीकडून पाय मुरगळलेले गडावरचे पाहुणे येतात, त्यांना लवकर घरी जायचं असतं. तक्रार नाही, काम आहे ते करतोय. सप्टेंबरात एक म्हातारा सापाच्या विषानं माझ्या हातावर गेला. त्याची बायको ओरडत होती आणि मी हात धुऊन जेवायला गेलो. आमटी अळणी होती, हे आठवतं. पूर्वी असं झालं की दोन दिवस घास उतरत नसे. आता काही वाटत नाही. सवय झाली, बरंच झालं म्हणायचं.

झोपेसाठी गोळी घेतो. डॉक्टर आहे, मला कळतं. आबांना यातलं काही सांगू नकोस.

दाजींना म्हणावं, वाकून उचलू नका. लोभ असो.

तुझा,
अमृत


आरोग्य केंद्र,
३ डिसेंबर २०२४

सौ. साधनाताई यांस सुलक्षणा सिस्टरचा स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी तुमच्या भावाबरोबर चार वर्षं काम करतेय. पत्ता डॉक्टरांच्या टेबलावरच्या तुमच्या पत्रावरून घेतला, त्याबद्दल माफी. फोन केला असता, पण इथल्या भिंती पातळ आहेत आणि बोलताना मला रडू आलं असतं. म्हणून हे पत्र हनुमंतच्या टेम्पोतून पाठवतेय. तो रोज भोरला जातो.

परवा फुलाबाई म्हणून एक बाई तापानं आली. तिला एक इंजेक्शन सोसत नाही. मागं घेतल्यावर ती निळी पडली होती आणि आपल्या डॉक्टरांनीच तिला वाचवलं होतं. तिच्या केसपेपरवर लाल शाईनं तसं लिहिलंय, तेही त्यांच्याच हातानं. परवा त्याच लाल ओळीखाली त्यांनी तेच इंजेक्शन लिहिलं. मी सुई भरलीसुद्धा, मग कागद बाजूला ठेवताना वरची लाल ओळ दिसली. मी दाखवलं तेव्हा ते कागदाकडं बघत राहिले. म्हणाले की ही बाई मी पूर्वी कधी पाहिलेली नाही. ताई, मला त्याचीच जास्त भीती वाटली.

झोपेच्या गोळ्या वाढल्यात. सकाळी दार वाजवून वाजवून हात दुखतो, तेव्हा कुठं उघडतात. मी सुट्टी घ्या म्हटलं तर म्हणाले, रांगेला काय सांगू. कुणाला बोलू नका असंही म्हणाले. ते देवमाणूस आहेत, पोरीच्या बाळंतपणाला मला त्यांनीच धीर दिला. त्यांच्यावर साहेबांना लिहून दिलं तर मी बेइमान होते, नाही दिलं तर पुढच्या फुलाबाईचं काय? तुम्हीच सांगा.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

सुलक्षणा


उत्रोली,
६ डिसेंबर २०२४

सौ. सुलक्षणाताईंस स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच वस्तीवर गेले. आबांना सांगू नको असं अमृतनं बजावलं होतं. मी सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले की कागद काढ, सिस्टरबाईंना माझं लिही. ते सांगतायत तसंच खाली उतरवते.

सिस्टरबाई, तुमी सुई थांबवली, आमच्यावर लई उपकार झाले. आमच्यात मेंढरांच्या राखणीला जो रातभर जागतो त्याच्या हाती सकाळी कातर देत न्हाईत. लोकर कातरताना त्याचा हात घसरतो आन् मेंढराचं कातडं फाटतं. त्याला कुनी इचारत न्हाई, तुला झोप आलीया का म्हून. त्यो न्हाईच म्हननार. निस्ता हात पुढं करायचा, कातर घ्यायची आन् त्याला कोकरं धराया बसवायचं. त्यात कुनाचा अपमान न्हाई. म्या सोता एकदा रातभर जागून बी दिली नव्हती कातर, मेंढी फाटली. त्या मेंढीला अमृतनं धरली हुती, ल्हान हुता. त्याच्या ध्यानात असंल. म्या सोमवारच्या यष्टीनं येतो. त्याला आदी सांगू नका.

आता माझं. तालुक्याच्या साहेबांना आजच लिहून द्या, सोमवारी बदली डॉक्टर हवाय म्हणून. बेइमानीचं म्हणाल तर तुम्ही गप्प बसलात आणि त्याच्या हातून एखादी बाई गेली, तर तो उरेल का? तो चिडेल. चिडू दे, तोंड मी देईन.

तुमचे उपकार बोलून फिटणारे नाहीत, म्हणून बोलत नाही. येऊन-जाऊन असा.

साधना


वस्तीवरून,
२२ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला आबांकडून कळलं असेलच, पण आबा दोन वाक्यांत संपवतात, म्हणून लिहितो.

त्या सोमवारी ते सकाळीच येऊन बाकावर बसले. मला वाटलं, गुडघा दुखतोय. नंबर आला तसे टेबलापाशी आले आणि नुसता हात पुढं केला, तळवा वर. मी ओळखलं. मला इतका राग आला, की भरल्या ओपीडीत मी त्यांच्यावर ओरडलो. ही माणसं आहेत, मेंढरं नाहीत, तुम्ही घरी जा, असं म्हणालो. ते गेले नाहीत. हात तसाच. मला ती मेंढी आठवली. तिची फाटलेली कातडी मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती आणि आबा पलीकडं तोंड करून बसले होते.

मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मुंडाशात गुंडाळला आणि आपली पिशवी मला धरायला दिली. तासाभरात बदली डॉक्टर आले. साहेबांना सिस्टरनं लिहिलंय हे तेव्हा कळलं. मी तिच्याशी बोललो नाही, निरोपही घेतला नाही. त्याची आता लाज वाटते.

पुण्याला मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या किती, ते खरं सांगितलं. एकदम सोडायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्यात. रजा मिळालीय, लागली तर वाढेल. इथं मी कोकरं धरतो. स्टेथोस्कोप खोपटात कातरीच्या शेजारी टांगलाय, मी त्याच्याकडं बघत नाही.

काल भाकरी खाताना तो सापाचा म्हातारा आठवला आणि रडू आलं. थांबेचना. आबा भाकरी मोडत राहिले, मधे कालवण वाढलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे.

तुझ्यावर रागावलो होतो, आता नाही. लोभ आहे तेवढा पुरतोय, वाढवलास तर लाडूही पाठव.

तुझा,
अमृत


आरोग्य केंद्राचं क्वार्टर,
१६ मार्च २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

रुजू होऊन तीन आठवडे झाले. निघताना आबांनी स्टेथोस्कोप स्वतःच काढून दिला. म्हणाले की आता हात बसलाय.

दुसरी जागा अजून भरलेली नाही, पण आठवड्यातले तीन दिवस एक डॉक्टर येतात. आम्ही इथं एक रीत पाडलीय. रात्री बाळंतपणाला जो जागेल, त्यानं सकाळी औषध लिहायचं नाही आणि सुई भरायची नाही. दुसऱ्यानं नुसता हात पुढं करायचा. पहिला हात मी केला, सुलक्षणा सिस्टरपुढं. सिस्टर अशी फुगली म्हणून सांगू! मग ट्रे माझ्या हातात आदळला आणि केसपेपरवर नावं लिहायला जाऊन बसली. दुपारी तिची माफी मागितली, डिसेंबरातली. ती म्हणाली की चहा पाजा.

काल फुलाबाई आली, खोकल्यासाठी. केसपेपरवर लाल ओळ होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. सिस्टर माझ्याकडं बघत होती. मी पेन खाली ठेवून सांगितलं, की डिसेंबरात मी तुमच्यासाठी तेच इंजेक्शन लिहिलं होतं, सिस्टरनं थांबवलं, नाहीतर तुम्ही आज नसता. तुम्हाला मी ओळखलंसुद्धा नव्हतं. तक्रार करायची असेल तर कागद मीच देतो.

रांगेतली माणसं ऐकत होती. फुलाबाईनं विचारलं, की आज तरी वळखलंस का. मी हो म्हणालो. ती म्हणाली की मग नाव सांग माझं, कागदाकडं न बघता.

मी नाव सांगितलं. कुठल्या वाडीची ते सांगितलं, आणि त्या दिवशी निळी पडली तेव्हा तिचा मुलगा भिमा दाराशी उभा राहून कसा हाका मारत होता, तेही सांगितलं. तिनं सुई घ्यायला सारतात तशी बाही वर सारली आणि आपला हात माझ्यापुढं टेबलावर ठेवला.

फोन आता उचलतो. तरी पत्रं लिहीत राहा.

तुझा,
अमृत