बावीस किलोची ओढ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बाण बनवणे, राहणार ज्या घरात हे लिहीत आहे तेथेच, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. मी रागावलेली आहे. राग असला तर मृत्युपत्र बाद ठरते का, असे वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बाई, तसं असतं तर माझा धंदा कधीच बसला असता." म्हणून पुढे लिहिते.

कलम १. हे घर, पुढच्या खोलीतल्या दुकानासह, माझ्या मुलाला द्यावे. अट एकच. त्याने दुकानावर लावलेली 'कोणत्याही धनुष्याला चालणारे बाण' ही पाटी माझे शेवटचे लुगडे दोरीवरून उतरायच्या आत उतरवावी. असा बाण नसतो. लाकडी धनुष्यावरून सुटलेला बाण सरळ जात नाही. मधे मूठ आडवी असते, तिला वळसा घालायला त्याला लवावे लागते. धनुष्याच्या ओढीला, म्हणजे ते ताणायला लागणाऱ्या जोराला, शोभेल तेवढीच लवणारी कांडी, म्हणजे बाणाची काठी, हवी; ओढ जास्त तर कांडी जास्त ताठ. ताठ पडली तर बाण डावीकडे जातो, मऊ पडली तर उजवीकडे. हे त्याला तो नऊ वर्षांचा असताना सांगितले आणि तो एक्केचाळीसचा झाला तरी सांगतेच आहे. तो कारखान्यातून खोकी भरून बाण आणतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "घ्या हो, सगळे सारखेच." मला आतल्या खोलीत ऐकू येते. बँकेत जे असेल ते मुलाने आणि मुलीने निम्मे निम्मे घ्यावे आणि त्यावरून माझ्या माघारी तोंडे वाकडी करू नयेत.

कलम २. कांडीची लवण मोजायची माझी घोडी, म्हणजे दोन खुंट्या, मधे टांगायचे वजन आणि मागची आकड्यांची पट्टी, थोरल्या मुलीला द्यावी. तिला हात आहे आणि तोंडही आहे. दोन्ही माझ्यावर गेले. माझे पती ज्या खरवडणीने धनुष्ये तासत ती शेजारच्या सुताराला, कारण गेली एकोणीस वर्षे तो मागतो आहे आणि मी नाही म्हणते आहे. पात्याला मधोमध खांड पडली आहे, त्यामुळे लाकडावर केसाएवढी रेघ उठते, ती नंतर पॉलिशपेपरने घासून काढावी लागते, हे त्याला आधीच सांगून ठेवते. ती खांड ह्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात पडली. खरवडणी ह्यांच्या हातातून निसटून फरशीवर आपटली. मी आठवडाभर ऐकवत होते, "हातात बळ नाही का तुमच्या?" ह्यांनी ती पुसून जागेवर ठेवली.

कलम ३. माझ्या पतीचा धाकटा भाऊ, ज्याला मी एके काळी भाऊजी म्हणत असे, त्याचा उल्लेख यापुढे 'सदर इसम' असा करण्यात येईल. सदर इसमास माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. घर नाही, अवजार नाही, पिसाचा तुकडाही नाही. कारण लिहायची गरज नाही असे वकील म्हणतात. मला आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी माझे पती व सदर इसम रानडुकराच्या शिकारीला गेले. डुक्कर वीस पावलांवर आडवे उभे होते. ह्यांचा बाण खांद्यामागे बसायचा तो डावीकडे सरकून मागच्या पायात बसला. डुक्कर उलटले आणि ह्यांची मांडी फाडून गेले. हे दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. सदर इसमाने ह्यांना अंगणात आणून ठेवले आणि जमलेल्या सगळ्यांदेखत मला म्हणाला, "वहिनी, बाण ताठ पडला."

चार शब्द. ह्यांच्या धनुष्याची ओढ बावीस किलो. त्या ओढीला मी एकवीस वर्षे बाण जुळवले, एक ताठ पडला नाही की मऊ पडला नाही. मी तिथल्या तिथे म्हटले, "तुम्हीच ह्यांच्या भात्यात तुमचे बाण मिसळले असतील." त्या दिवसापासून त्याने माझा उंबरा ओलांडला नाही आणि मी ओलांडू दिला नाही. पुढे वर्षभर माझ्याकडे एकानेही बाण करायला टाकले नाहीत. जिच्या बाणापायी नवरा गेला तिच्याकडे कोण येणार? मी रडायचे सोडून उरलेल्या कांड्या घोडीवर टाकून मोजत बसले. सगळ्या बरोबर होत्या. कोणाला दाखवणार?

कलम ४. ह्यांचे शिकारीचे धनुष्य थोरलीला द्यावे. येथे वकिलांनी हरकत घेतली. म्हणाले, 'एक जुने धनुष्य' असे मोघम लिहू नका, उद्या भांडण झाले तर कोणते ते कळायला हवे. लांबी, ओढ आणि ओळखीची खूण लिहा. मी म्हटले, ओढ बावीस किलो, लिहिते. ते म्हणाले, "मोजून लिहा." उभ्या आयुष्यात मला मोजून लिहा म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी तणतणत धनुष्य भिंतीवरून काढले. दर वर्षी तेल पाजते, पण ओढून कधी पाहिले नव्हते. मन झाले नव्हते. दोरी चढवली आणि टांगत्या काट्याला लावले.

कलम ५. वर्णन असे. लांबी पावणेदोन मीटर. ओढ सतरा किलो.

तीनदा मोजली. म्हातारे लाकूड थकते, एखादा किलो सोडते. पाच सोडत नाही. मग धनुष्य खिडकीपाशी नेऊन आडव्या उजेडात धरले. पोटाच्या, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, मुठीच्या वर आणि खाली, तेलाखाली केसाएवढी रेघ, त्या खांडेने उठते तीच. वकिलांना ओळखीची खूण हवी होती, ती ही.

म्हणजे ह्यांचा खांदा गेला होता; त्या हिवाळ्यात सदरा घालतानाही हात वर जात नसे, ते आत्ता उमगले. खरवडणी उगाच निसटली नव्हती. ह्यांनी स्वतःचे धनुष्य गुपचूप तासून हलके केले, घाईत पॉलिशपेपरही मारला नाही, वर तेल चोपडले आणि परत भिंतीवर टांगले. आणि माझ्याकडून बाण घेतले ते बावीसचेच. सतराच्या धनुष्यावर बावीसचे बाण डावीकडे जाणार नाहीत तर कुठे जातील? बाण ताठच पडला. सदर इसम खरे बोलला होता. आणि माझी जुळणीही चुकली नव्हती.

अहो, "खांदा दुखतो" एवढेच बोलायचे होते. दुपारभराचे काम होते माझे. कांड्यांवरून रंधा चार वेळा फिरवला असता की झाले. माझ्यापुढे कमीपणा वाटला? मी बळ नाही का म्हटले म्हणून? म्हटले मी. मी तोंडाळ आहे हे तुम्हाला लग्नाआधीपासून ठाऊक होते. त्यासाठी कोणी डुकरापुढे उभे राहते का? मला भयंकर राग आला आहे तुमचा, आणि तो एकोणीस वर्षे भलत्याच माणसावर काढला याचाही येतो आहे.

वकील खाकरले. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मयताला उद्देशून लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग त्यांनी मला न विचारता मरायचं नव्हतं."

कलम ६. धनुष्याबरोबर थोरलीला बारा बाण मिळतील. ते मी या आठवड्यात केले आहेत, सतराच्या ओढीला जुळवून. जुने बावीसचे बाण तिने त्या धनुष्यावर चढवू नयेत. मुठीखाली मी सतराचा आकडा कोरला आहे. हात, पाय, खांदा, काहीही दुखले तर तिने आधी बोलावे आणि मग ओढावे. ही अट मुलालाही लागू आहे.

कलम ७. कलम तीन खोडते, असे मी वकिलांना म्हटले. ते म्हणाले, खाडाखोड नको, सगळे पुन्हा लिहा. मी त्याला तयार होते. तेवढ्यात साक्षीदारांचा विषय निघाला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये म्हणतात. मुलगा बाद, थोरली बाद, सुतार खरवडणीपायी बाद. एक साक्षीदार वकिलांचा कारकून होईल. दुसरा असा हवा की ज्याला माझ्याकडून काहीच मिळत नाही, पिसाचा तुकडाही नाही, आणि तसे लेखी आहे. असा माणूस मला एकच माहीत आहे. सबब कलम तीन आहे तसेच राहील.

थोरली जाऊन त्यांना घेऊन आली. ते दारातच थांबले. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी धनुष्य पुढे केले. त्यांनी ओढून पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग रेघेवरून अंगठा फिरवला आणि उंबऱ्यावरच खाली बसले.

"दादानं मलाही नाही सांगितलं, वहिनी."

मी म्हटले, "कोणालाच नाही सांगितलं. उंबऱ्यावर बसू नका. आत या, आणि सही वाचता येईल अशी करा."

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांसमक्ष सही केली. यातला एक शब्दही कमी करू नये.

ठिकाण: पुढची खोली, खिडकीजवळचे बाक
तारीख: आठ फेब्रुवारी, दुपारी चार

सही: बाण बनवणारी

साक्षीदार पहिले: वकिलांचे कारकून

साक्षीदार दुसरे: सदर इसम, म्हणजे भाऊजी