उतार गेलेलं थिएटर

रविवार, पुतणीच्या लग्नाहून आल्यावर

गुडघा ठणकतोय. दोष माझाच.

भुईगावच्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि सगळे जेवायला हॉलवर गेलो. हॉल कसला, आमचं जुनं थिएटर. मधे काही वर्षं तिथे सोफ्यांचं गोदाम होतं. त्याआधी सव्वीस वर्षं मी तिथे बॅटरी घेऊन लोकांना खुर्चीपर्यंत नेलं, पडद्याकडे जाणाऱ्या त्या उतारावरून. हॉलवाल्यांनी भराव घालून उतार सपाट केलाय, हे मला ठाऊक होतं. तरी केक कापायला दिवे घालवले आणि मी सवयीने बायकोचा हात धरला. म्हटलं, "रोझी, जपून, उतार आहे."

"कुठला उतार? तो कधीच गेला," ती म्हणाली, तोवर मी सपाट जमिनीवर अडखळून पडलो होतो. उतारावर कधी एकदाही पडलो नव्हतो.

हॉलचा मॅनेजर धावत आला. "चला अंकल, तुम्हाला बसवतो." मोबाइलची बॅटरी लावून, हाताला धरून त्याने मला खुर्चीपर्यंत नेलं.

पडल्याची लाज नाही वाटली. मग सलतंय काय? माणूस चांगला होता, पण उजेड सगळा वेळ माझ्या डोळ्यांवर. तो पायाशी धरायचा असतो, एवढंही मला त्याला सांगवलं नाही.