उंबरठ्याच्या आत फक्त मराठी

प्रिय बाबा,

उद्या मला वर्गात पहिल्यांदाच धोरणांचे अनपेक्षित परिणाम शिकवायचेत. पुस्तकातली उदाहरणं तयार आहेत, पण मला आपल्या घरचं सांगायचंय. ते तुमचं आहे, म्हणून आधी तुम्हाला विचारतेय.

आठवतो तुमचा नियम? दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, उंबरठ्याच्या आत फक्त मराठी. साताऱ्याहून इतक्या लांब नोकरीला आलात. मुलांची भाषा जाऊ नये, एवढंच तुम्हाला हवं होतं. मला ते जमलं. समीर धाकटा, त्याचे सगळे दोस्त हिंदीवाले. "बाबा, आज ना यार..." असं त्यानं सुरू केलं की तुम्ही लगेच, "मराठीत." तो शब्द शोधायचा आणि मग म्हणायचा, "काही नाही."

जिन्यात मित्रांशी तासन्‌तास बोलणारा मुलगा घरात गप्प झाला. आणि तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "आमचा समीर शांत स्वभावाचा आहे." तुम्हाला खरंच तसं वाटायचं का हो?

मी एम.ए.ला सार्वजनिक धोरण शिकत होते, तेव्हा हाच विषय वर्गात झाला. घरी आल्यावर आपण दोघं मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "नियम मराठीसाठी केलात बाबा, पण त्यामुळे समीर बोलेनासाच झालाय."

"मटार संपव," एवढंच म्हणालात.

पुढच्या आठवड्यात, जेवताना, तुम्ही त्याला विचारलंत, "और भाजी वाढूँ क्या?"

समीर आधी दचकला, मग हसला. "बाबा, वाढूँ नहीं, परोसूँ."

"अच्छा. और कॉलेज कैसा चल रहा है?"

मग सगळं बाहेर आलं, हिंदीत. इंजिनियरिंग झेपत नव्हतं. कॉलेजला जाणं त्यानं केव्हाच सोडलं होतं; सकाळी डबा घेऊन निघायचा आणि कुठल्यातरी बागेत बसून परत यायचा. आई वाढता वाढता थांबली. मला वाटलं, आता तुम्ही ओरडणार. तुम्ही म्हणालात, "कल मैं साथ में आता." आणि रजा टाकून गेलातही.

आज तो नोएडात एका चॅनलमध्ये कॅमेरामन आहे, मजेत आहे. तुमच्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसून तुमच्याशी मराठीत बोलायचा, चुकतमाकत. कुणी सांगितलं नव्हतं.

माझं म्हणणं पटलं, हे मात्र तुम्ही मला कधीच बोलून दाखवलं नाहीत. एकदा म्हणायला काय हरकत होती?

असो. नियम फसला, एवढंच सांगून मी थांबणार नाही, हा माझा शब्द. ज्यानं तो केला त्यानंच तो मोडला, आणि मुलाला आपल्या हिंदीवर हसू दिलं, हेही सांगेन.

तुमची,
मीनल