लाल दोन, चार, पाच

बेळगाव,
१२ फेब्रुवारी १९८४

चि. कल्लाप्पास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. इकडे ठीक आहे. उचगावच्या शेतातला हरभरा बरा आलाय. थंडीनं आईचा संधिवात पुन्हा उठलाय, सकाळी तिला लुगड्याची गाठ सुटत नाही.

तुझं पत्र मिळालं. संशोधन सोडून निपाणीला सासरी जाऊन बसलास आणि औषधं विकायची नोकरी धरतोयस, हे वाचलं. आईला लगेच सांगवलं नाही.

तुझा प्रयोग चालू होता तेव्हा ती शेजारच्या शालूबाईला सांगत होती, "अंगातली ताकदच उलटून सांध्यांवर उठती म्हणं. ती दाबायचं औषद माझा कल्ला काढायलाय." मी तिथंच तिची बोटं शेकत होतो. शालूबाईनं माझ्याकडं बघत विचारलं, "आणि जोतिबा गं?"

"त्यो व्हय? त्यो कल्लाची उंदरं राखतोय."

बारा वर्षं मी कॉलेजच्या प्राणिघरात आहे. सुई टोचून संधिवात आणलेला उंदीर कसा धरायचा, त्याचा पाय पाऱ्यात बुडवून, पारा किती चढतो त्यावरून सूज कशी मोजायची, हे तुला मी शिकवलं. जळलो रे, फार जळलो.

तुझ्या औषधाच्या सहा उंदरांच्या शेपटीवर नंबराइतक्या लाल रेघा, नुसत्या पाण्याच्या सहांना निळ्या. रंग उडतो म्हणून दर चार दिवसांनी मीच नव्यानं ओढायचो. शेवटच्या मोजणीला तू येण्याआधी मी स्पिरिटनं पुसून लाल दोन, चार, पाच निळे केले आणि निळे दोन, चार, पाच लाल. पिंजरेही बदलले. तू मोजलंस, दोन्ही गट सारखेच आले. तू वही मिटलीस आणि मी तुला चहा आणून दिला.

काल तुझ्या वहीतले ते आकडे जागच्या जागी घालून बघितले. औषध दिलेल्या उंदरांची सूज जवळपास निम्मी आहे. हे लिहितानाही पोटात दुखतंय. पण त्यांची वजनं उतरलीत, दोघांना शिंका लागल्या होत्या. आईला एवढ्यात द्यायचं मनात आणू नकोस.

हे पत्र फाडू नकोस, तुझ्या सरांच्या हातात दे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. प्रयोग पुन्हा कर, आणि शेपट्या दुसऱ्या कुणाकडून रंगवून घे.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. बोटं शेकत होतो. तिनं हात सोडवून घेतला.

तुझी उंदरं राखणारा,
जोतिबा